घोडीच्या गर्भाशयातल्या द्रवातली प्रथिनं कशी मोजायची: कोल्हापुरात काम सुरू करणाऱ्यांसाठी

कोल्हापूर परिसरात घोडी पाळणारे नाना तऱ्हेचे आहेत. कुणाकडे घोडागाडीच्या शर्यतीचं जनावर, कुणाकडे वरातीचं. कुणी हौसेनं मारवाडी किंवा काठियावाडी घोडी सांभाळून शिंगरं काढतो. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांची तट्टं तर पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. या सगळ्यांची एक तक्रार मात्र सारखी ऐकू येते: घोडी माजावर येते, घोडा दाखवतो, पण उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते. घोडीचा गाभणकाळ सुमारे ११ महिन्यांचा. एक हंगाम हुकला की मालकाचं वर्ष गेलं.

अशा घोडीच्या गर्भाशयात काय चाललंय हे कळण्यासाठी तिथल्या द्रवातली प्रथिनं मोजतात. हा लेख ते काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहे: शिवाजी विद्यापीठात किंवा इथल्या महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलं, आणि गायी-म्हशींत हात बसलेला पण घोडीला फारसा हात न लावलेला तरुण पशुवैद्यक. दोघांनी मिळूनच हे काम होतं.

एक गोष्ट आधीच ठासून सांगतो. प्रथिनं मोजण्याचं यंत्र हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. नमुना घोडीच्या माजचक्राच्या कुठल्या दिवशी घेतला आणि तो किती पातळ झाला, या दोन गोष्टी माहीत नसतील तर यंत्राच्या पडद्यावरचा आकडा कितीही नेमका दिसो, त्याला अर्थ नाही. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

त्या द्रवात असतं काय

निरोगी घोडीच्या गर्भाशयात मोकळा द्रव फारच थोडा असतो. अस्तराच्या ग्रंथींतून पाझरणारा, त्वचेवर ओल असावी तसा थर असतो. पण त्याचं महत्त्व मोठं आहे. घोडीचा गर्भ साधारण ६व्या दिवशी गर्भाशयात उतरतो आणि १६व्या दिवसापर्यंत गर्भाशयाच्या एका शिंगातून (फाट्यातून) दुसऱ्या शिंगात हिंडत राहतो. अस्तराशी पक्की जोडणी व्हायला पुढे बरेच दिवस जातात, जवळपास ३५ ते ४० दिवसांनंतर ती सुरू होते. तोवर त्याचं पोषण या पाझरावरच.

या पाझरातली प्रथिनं दोन वाटांनी येतात. काही अस्तराच्या ग्रंथी स्वतः बनवतात. प्रोजेस्टेरॉन हे बीज सुटल्यानंतरचं संप्रेरक चढलेलं असताना १९ किलोडाल्टनचं (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) एक लिपोकॅलिन भरपूर स्रवतं. स्निग्ध पदार्थ वाहून नेणारं हे प्रथिन गर्भाच्या कवचापर्यंत पोचतं. युटेरोफेरिन हे लोहयुक्त प्रथिन आणि युटेरोग्लोबिन हेही या गटातले. दुसरी वाट रक्ताची. अल्ब्युमिन आणि प्रतिपिंडं रक्तातून झिरपून येतात आणि अस्तर सुजलं की जास्त झिरपतात. त्याशिवाय लॅक्टोफेरिन आणि लायसोझाइम ही जंतूंविरुद्ध लढणारी प्रथिनं. पांढऱ्या पेशी गर्भाशयात उतरल्या की त्यांच्यातूनही लॅक्टोफेरिन बाहेर पडतं.

म्हणजे एकूण प्रथिन वाढलेलं दिसलं तर ते ग्रंथी जोमात आहेत म्हणून, की सूज आहे म्हणून, हे एका आकड्यावरून ठरत नाही. रोगनिदान पेशींची स्लाइड, जंतूंचं कल्चर आणि सोनोग्राफी यांवरच होतं. प्रथिनं त्यांच्या जोडीला बसतात, त्यांच्या जागी नाही. मालकाला हे पहिल्याच भेटीत सांगा.

हात लावण्याआधी

घोडी गाभण नाही याची खात्री सोनोग्राफीनं झालीच पाहिजे. मालक ठामपणे म्हणेल, "डॉक्टर, घोडा दाखवलाच नाही हिला." तरीही करा. गाभण घोडीच्या गर्भाशयाच्या तोंडातून नळी गेली की गर्भ गेला असंच समजायचं. घोडा लावून १४ ते १६ दिवस झाले असतील तर सोनोग्राफीत गर्भ दिसतो. त्याहून कमी दिवस झाले असतील तर थांबा. अपवाद फक्त घोडा लावल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत मुद्दाम घेतलेल्या नमुन्याचा, तेव्हा गर्भ गर्भाशयात उतरलेला नसतो.

नमुना काढणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे, विद्यार्थ्याचं नाही. संशोधनासाठी नमुने घेणार असाल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या, आणि मालकाची लेखी संमती मराठीत घ्या. संमतीपत्रात नमुन्यानंतर घोडीला थोडा स्राव येऊ शकतो, क्वचित संसर्ग होऊ शकतो, हे लिहा. लपवून ठेवू नका.

घोडी बाहेरगावच्या बाजारातून, सारंगखेड्याहून म्हणा, नुकतीच आली असेल तर ग्लँडर्सची चौकशी करा. हा रोग माणसालाही होतो आणि जीवघेणा आहे. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी-फोड असतील तर नमुना घेणं थांबवून आधी पशुसंवर्धन खात्याला कळवा. घोड्यांच्या अशा रोगांच्या तपासणीचं राष्ट्रीय केंद्र हरियाणात हिसारला आहे.

घोडीला खोड्यात घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातला खोडा बहुधा गायी-म्हशींसाठी बांधलेला असतो. मागचा आडवा दांडा घोडीच्या लाथेला पुरेल का, ते बघा. शेपटीला क्रेप बँडेज गुंडाळून बाजूला बांधा. घोडीचा मोतद्दार डोक्याशी उभा राहू दे. रोज खरारा करणारा माणूस जवळ असला की घोडी शांत राहते आणि अर्धं काम तिथंच होतं. गुंगीचं औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. दिलं तर नाव, मात्रा आणि वेळ वहीत लिहायची.

दिवस ठरवणं

घोडीचं माजचक्र साधारण २१ ते २२ दिवसांचं. माज ५ ते ७ दिवस टिकतो, उरलेले १४-१५ दिवस प्रोजेस्टेरॉनचे. माजात अस्तर पाणी धरून सुजतं, गर्भाशयाचं तोंड मऊ आणि सैल होतं. प्रोजेस्टेरॉनच्या दिवसांत तोंड घट्ट मिटतं आणि ग्रंथींच्या स्रावाची जातच बदलते. एका घोडीचा माजातला नमुना आणि दुसरीचा नंतरच्या आठवड्यातला नमुना शेजारी ठेवून तुलना केली, तर तुम्ही घोड्यांची नव्हे, दिवसांची तुलना करत असता.

म्हणून एक टप्पा निवडा आणि सगळ्या घोड्यांत तोच पाळा. मी नवख्यांना माजातला टप्पा सुचवतो: सोनोग्राफीत ३५ मिलिमीटरच्या पुढचं बीजांडपुटक, अस्तरावर सूज आणि मऊ तोंड. नळी सहज जाते, आणि माजात गर्भाशयाची स्वतःला साफ करण्याची ताकदही जास्त असते. प्रोजेस्टेरॉनच्या टप्प्यातला नमुना हवाच असेल, लिपोकॅलिन बघायचं असेल तर तो हवाच लागतो, तर बीज सुटल्यापासून दिवस मोजा. ७वा दिवस ठीक. पण या टप्प्यात शिरलेला जंतू सहज बाहेर जात नाही, त्यामुळे नमुन्यानंतर प्रोस्टाग्लँडिन देऊन घोडीला परत माजावर आणायचं का, हे डॉक्टरांनी आधीच ठरवून ठेवावं.

मोतद्दार सांगेल की घोडी शेपूट वर धरते, वारंवार थोडं थोडं मुतते. ते लिहून घ्या, पण त्यावर विसंबू नका. नमुन्याच्या दिवशीच गळ्याच्या शिरेतून रक्त काढून प्रोजेस्टेरॉन तपासा. हे रक्त पुढे दुसऱ्या कामालाही लागणार आहे, त्यामुळे ते टाळू नका.

घोडा लावलेल्या घोडीचा नमुना घेताना तासही मोजावे लागतात. वीर्य गर्भाशयात गेलं की पांढऱ्या पेशी धावून येतात. हे रोगाचं लक्षण नाही, प्रत्येक घोडीत होतं. चांगली घोडी दोन दिवसांच्या आत सगळं बाहेर काढून टाकते. वयस्क, बरीच शिंगरं झालेल्या, गर्भाशय पोटात खाली ओघळलेल्या घोडीला ते जमत नाही. द्रव साचतो आणि सूज रेंगाळते. ६ तासांचा नमुना आणि ४८ तासांचा नमुना एकाच रकान्यात टाकू नका.

नमुना काढणं

दोन रीती आहेत. एकीत निर्जंतुक सलाइन आत सोडून परत घेतात, त्याला धुवण म्हणू. दुसरीत शोषून घेणारा निर्जंतुक बोळा नळीतून आत नेऊन ठरावीक मिनिटं ठेवतात. बोळ्यानं मूळ द्रव न पातळ होता मिळतो ही मोठी सोय. पण काही प्रथिनं कापसाच्या तंतूंना चिकटून राहतात. बोळा वापरणार असाल तर आधी प्रयोगशाळेत माहीत असलेलं अल्ब्युमिन त्यावर टाका, पिळा, आणि किती परत मिळतं ते मोजा. पहिल्या खेपेला मी धुवण काढायला सांगतो, कारण त्याच नमुन्यातून पेशी आणि कल्चरही होतं.

मागचा भाग आणि योनीचे ओठ सौम्य साबणानं तीनदा धुवा, साध्या पाण्यानं नीट खळबळा आणि कागदी टॉवेलनं कोरडे करा. साबणाचा अंश राहिला तर तो पुढे ब्रॅडफर्ड या प्रथिनं मोजण्याच्या चाचणीत रंग बिघडवतो, म्हणून खळबळण्यात कंजुषी नको.

गायीत हात असलेल्यांनी इथं लक्ष द्या. गायीला कृत्रिम रेतन करताना आपण गुदाशयातून हात घालून गर्भाशयाचं तोंड पकडतो आणि त्यातून गन सरकवतो. घोडीत तसं नाही. निर्जंतुक मोजा घातलेला हात योनीतून आत न्यायचा, तर्जनी गर्भाशयाच्या तोंडात हलकेच घालायची आणि नळी बोटाच्या आधारानं सरकवायची. गायीची गन इथं कामाची नाही. घोडीसाठीची लांब, लवचिक रेतन-नळी घ्या. वंगणाची जेली फक्त हाताच्या पाठीवर, नळीच्या टोकाला लागू देऊ नका.

नळी आत गेली की ६० मिलिलिटर निर्जंतुक ०.९ टक्के सलाइन, अंगाच्या उबेइतकं कोमट करून, सोडा. सलाइनची बाटली नीट वाचा. डेक्स्ट्रोज मिसळलेलं सलाइन दिसायला सारखंच असतं, पण ग्लुकोज बीसीए या प्रथिनं मोजण्याच्या दुसऱ्या चाचणीला भलताच रंग देतो. मग गुदाशयातून हात घालून गर्भाशय हलकेच चोळा म्हणजे सलाइन दोन्ही शिंगांत पोचेल, आणि नळी खाली धरून द्रव निर्जंतुक पिशवीत परत येऊ द्या. आत सोडल्यापासून परत घेईपर्यंतचा वेळ घड्याळ लावून ठरवा. २ मिनिटं ठरवली तर प्रत्येक घोडीत २ मिनिटं. हा वेळ का महत्त्वाचा ते पातळपणाच्या हिशेबात येईल. किती सोडलं, किती परत आलं, दोन्ही लिहा. सगळं परत येत नाही, आणि किती येतं हे घोडीगणिक बदलतं.

त्याच वेळी एक कोरा नमुनाही तयार करा: तसलीच नवी नळी, तीच सलाइनची बाटली, तसलीच पिशवी, फक्त घोडी नाही. नळीच्या प्लॅस्टिकमधून किंवा जेलीतून काही येत असेल तर ते इथं उघडं पडेल. नवखे लोक हा नमुना हमखास वगळतात आणि मग महिन्याभरानं आकडे का जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसतात.

पिशवी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघा. गुलाबी छटा म्हणजे रक्त. एक थेंब रक्त किती गोंधळ घालतं याचा हिशेब करू. थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. रक्तात हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनं मिळून मिलिलिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे थेंबात साडेसात मिलिग्रॅम. ते ५० मिलिलिटर धुवणात फुटलं तर प्रत्येक मिलिलिटरमागे ०.१५ मिलिग्रॅमची भर पडली. पातळ धुवणातलं गर्भाशयाचं स्वतःचं प्रथिन या भरीखाली सहज झाकलं जातं. तांबड्या पेशी फुटायच्या आत नमुना फिरवून त्या खाली बसवल्या तर ही भर बरीच घटते, कारण मग फक्त प्लाझ्मातलं प्रथिन मागे राहतं. लघवी तपासायची पट्टी पिशवीतल्या थेंबावर लावली तर डोळ्याला न दिसणारं रक्तही कळतं. लाल नमुना टाकून द्यायचा नाही, पण त्याच्या नोंदीत तसं लिहायचं आणि प्रथिनांच्या तुलनेतून तो वगळायचा.

पागेपासून प्रयोगशाळेपर्यंत

पेशींतून आणि जंतूंतून सुटणारी विकरं प्रथिनांचे तुकडे पाडत असतात. नमुना पिशवीत आला की लगेच बर्फात. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, म्हणजे थंडी चारी बाजूंनी लागते. एप्रिल-मेमध्ये करवीर किंवा शिरोळमधल्या पत्र्याच्या शेडखाली उभं राहून काम करत असाल तर थर्माकोलचा डबा गाडीच्या डिकीत नव्हे, पायाशी ठेवा. ही विकरं, म्हणजे प्रोटिएज, थांबवणारं मिश्रण वापरणार असाल तर सगळ्या नमुन्यांत सारखं घाला, कोऱ्या नमुन्यातही. आणि त्यात ईडीटीए आहे का ते पाकिटावर बघून ठेवा. जास्त झालं तर बीसीएतलं तांबं ते पकडून ठेवतं.

प्रयोगशाळेत आधी कल्चरसाठी थोडा द्रव निर्जंतुकपणे बाजूला काढा. मग ६०० जी ला (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला जोर) १० मिनिटं, ४ अंश सेल्सियसला फिरवा. सेंट्रिफ्यूजवर जी ऐवजी फेऱ्यांचाच आकडा असेल तर: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले फेऱ्यांचा वर्ग. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला मिनिटाला २३०० फेऱ्या म्हणजे जवळपास ६०० जी. तळाला बसलेल्या पेशींची स्लाइड करून गिम्सा किंवा लीशमननं रंगवा आणि न्युट्रोफिल, म्हणजे सुजेत धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, बघा. या स्लाइडशिवाय प्रथिनांचा आकडा वाचायलाच घेऊ नये, असं माझं मत आहे.

वरचा द्रव परत १०,००० जी ला १० मिनिटं फिरवा, म्हणजे श्लेष्मा आणि उरलेला कचरा खाली जाईल. मग अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या कुप्या भरा. एकच मोठी बाटली गोठवली तर दर चाचणीला ती वितळेल आणि परत गोठेल, आणि त्यात प्रथिनं गोळा होऊन खाली बसतात. कुपीवर घोडीचा क्रमांक, तारीख आणि टप्पा, स्पिरिटनं न पुसल्या जाणाऱ्या पेननं. उणे ८० अंशांचा फ्रीझर असेल तर उत्तमच. उणे २० वर थोडे आठवडे ठेवता येतं, वर्षभर नाही.

पागेवरच गोठवायचं असेल तर कोल्हापुरात एक सोय आहे जी मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांना सहज मिळत नाही. दुधाचा जिल्हा असल्यामुळे गावोगावी कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे द्रवरूप नायट्रोजनचं कॅन असतं. आधी फिरवलेल्या द्रवाच्या कुप्या त्यात गोठवता येतात. फक्त कुप्या नायट्रोजनच्या वर, वाफेत टांगा. द्रवात बुडवल्या आणि झाकणाच्या फटीतून नायट्रोजन आत गेला तर बाहेर काढताच कुपी फुटते. चष्मा आणि जाड हातमोजे हवेतच.

मोजणी

पहिला मोह असतो तो राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुना देऊन 'टोटल प्रोटीन' करून घेण्याचा. तिथली पद्धत बाययुरेटची असते. ती रक्ताच्या सीरमसाठी, म्हणजे मिलिलिटरला ६०-८० मिलिग्रॅमच्या घरातल्या प्रथिनासाठी बेतलेली आहे. गर्भाशयाचं धुवण त्याच्या शेकडो पट पातळ असू शकतं. उत्तर शून्य किंवा शून्याजवळचं काहीतरी येईल, आणि त्यात लॅबची काही चूक नसेल.

ब्रॅडफर्ड पद्धत १९७६ सालची, स्वस्त आणि झटपट. कूमासी ब्रिलियंट ब्लू जी-२५० हा रंग प्रथिनाला चिकटला की तांबूस-तपकिरीचा निळा होतो, आणि तो निळा ५९५ नॅनोमीटरला मोजतात. रसायन तयार आणता येतं किंवा घरीही बनतं: १०० मिलिग्रॅम जी-२५० रंग ५० मिलिलिटर ९५ टक्के इथेनॉलमध्ये विरघळवा, १०० मिलिलिटर ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल घाला, पाण्यानं १ लिटर करा, व्हॉटमन १ नंबर कागदातून गाळा. रंग मागवताना जी-२५० च मागवा. आर-२५० हा जेल रंगवायचा, इथं चालत नाही.

मूळ पद्धतीत ०.१ मिलिलिटर नमुन्यात ५ मिलिलिटर रसायन घालतात, आणि मिलिलिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅम एवढं प्रथिन नीट मोजलं जातं. त्याहून पातळ धुवणासाठी सूक्ष्म रूप वापरा: ०.१ मिलिलिटर नमुना आणि १ मिलिलिटर रसायन. रसायन घातल्यापासून २ मिनिटांनी वाचायला सुरुवात करा आणि तासाच्या आत संपवा. नंतर रंग खाली बसू लागतो. क्युव्हेट प्लॅस्टिकचा वापरा, क्वार्ट्झला हा रंग चिकटून बसतो.

प्रमाण म्हणून बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घ्या, पण ते पाण्यात नाही, त्याच सलाइनमध्ये विरघळवा. चढत्या तीव्रतेच्या किमान ६ पायऱ्या करून त्यांच्या वाचनांची रेषा काढा, प्रत्येक पायरी तिहेरी, आणि तोच संच दर खेपेला नव्यानं. मागच्या आठवड्याची रेषा आजच्या रसायनाला लागू पडत नाही. ब्रॅडफर्डची रेषा वरच्या टोकाला वाकते. नमुना तिथं पडला तर तो पातळ करून परत मोजा, रेषा ओढूनताणून सरळ करू नका. तिहेरी वाचनांत १० टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर बहुधा श्लेष्मा पिपेटच्या टोकाला लोंबत असतो. नमुना परत फिरवा.

ब्रॅडफर्डचा रंग मुख्यतः आर्जिनिनला धरतो, त्यामुळे प्रत्येक प्रथिनाला सारखा रंग येत नाही. अल्ब्युमिनला जास्त येतो, प्रतिपिंडांना कमी. म्हणून अहवालात 'अल्ब्युमिनच्या तुलनेत' हे शब्द असलेच पाहिजेत. साबणाचा संशय असेल किंवा निकाल पटत नसेल तर बीसीएनं ताडून बघा: ३७ अंशांना ३० मिनिटं, वाचन ५६२ नॅनोमीटरला. ही पद्धत साबणाला बऱ्यापैकी सहन करते, पण ग्लुकोज आणि ईडीटीए तिला चालत नाहीत. दोन पद्धतींचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. नमुन्यांचा चढता क्रम जुळला पाहिजे. आणि एका अभ्यासात एकच पद्धत, शेवटपर्यंत.

पातळपणाचा हिशेब

६० मिलिलिटर आत सोडलं आणि ४० परत आलं, त्यात गर्भाशयाचा मूळ द्रव किती? अर्धा मिलिलिटर की पाच, हे बघून कळत नाही. माजातल्या, द्रव साचलेल्या घोडीत जास्त असेल, दुसरीत कमी. म्हणून दोन धुवणांतला मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर थेट तुलनेला घेता येत नाही.

फुप्फुसांच्या धुवणासाठी वापरतात ती युक्ती इथंही लावता येते. युरिया हा लहान रेणू शरीरातल्या द्रवांत जवळजवळ सारखा पसरतो. मूळ द्रवात तो रक्ताइतकाच होता असं धरलं, तर रक्तातला युरिया भागिले धुवणातला युरिया एवढ्या पटीनं नमुना पातळ झाला. रक्तात डेसिलिटरला ३० मिलिग्रॅम आणि धुवणात १ मिलिग्रॅम निघाला असं समजा. मग धुवण ३० पट पातळ. धुवणात प्रथिन मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम असेल तर मूळ द्रवात ६ मिलिग्रॅम. नमुन्याच्या दिवशी काढून ठेवलेलं रक्त इथं लागतं.

तीन खड्डे आहेत. लॅब कधी युरिया लिहून देते, कधी बीयूएन, म्हणजे फक्त युरियातला नायट्रोजन. बीयूएनला २.१४ नं गुणल्याशिवाय युरिया मिळत नाही, दोन्ही नळ्यांचं एकक एकच ठेवा. दुसरं, सलाइन जितका वेळ आत राहील तितका युरिया अस्तरातून त्यात उतरत राहतो आणि पट खोटी कमी दिसते. त्यासाठीच ती २ मिनिटांची शिस्त. तिसरा खड्डा घोडीचा खास. म्हाताऱ्या, ओघळलेल्या घोडीत लघवी योनीत साचून गर्भाशयात जाते. लघवीत युरिया प्रचंड, आणि सगळा हिशेब कोसळतो. त्याच धुवणात क्रिएटिनिन मोजलं की हे उघड होतं: ते रक्ताच्या पातळीहून वर निघालं तर लघवी मिसळली आहे. अशी घोडी युरियाच्या हिशेबात घेऊ नका, पण डॉक्टरांना लगेच सांगा, कारण गाभण न राहण्याचं कारण तिथंच असू शकतं.

युरियाच्या वाटेला जायचं नसेल तर गुणोत्तर वापरा. लॅक्टोफेरिन भागिले एकूण प्रथिन, किंवा धुवणातल्या प्रतिपिंड-अल्ब्युमिनचं प्रमाण विरुद्ध रक्तातलं प्रमाण. वर-खाली दोन्ही सारखेच पातळ झाल्यामुळे पातळपणा आपोआप कटतो. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं.

एकूण आकड्याच्या पुढे

प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या १२ टक्क्यांच्या एसडीएस-पेज जेलवर नमुने चालवले की चित्र डोळ्यासमोर येतं. ६६ किलोडाल्टनजवळची जाड पट्टी अल्ब्युमिनची, ५० आणि २५ जवळ प्रतिपिंडांच्या साखळ्या, ८० जवळ लॅक्टोफेरिन, १९ च्या जवळ प्रोजेस्टेरॉनच्या दिवसांतलं लिपोकॅलिन. शेजारच्या खाचेत त्याच घोडीचं सीरम चालवा, म्हणजे रक्तातून आलेलं काय आणि गर्भाशयाचं स्वतःचं काय हे वेगळं काढता येतं. पट्टीच्या वजनावरून नाव पक्कं होत नाही. त्यासाठी प्रतिपिंड वापरून ब्लॉट किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री लागते.

धुवण जेलसाठी बहुधा पातळ पडतं. ३ किलोडाल्टनच्या गाळणीनं घट्ट करा. युटेरोग्लोबिनसारखी लहान प्रथिनं मोठ्या छिद्रांतून निघून जातात. एखादं ठरावीक प्रथिन मोजणारं एलायझा किट घेताना ते घोड्यासाठीचं आहे का ते पाहा. माणसाच्या किटनं घोडीचं प्रथिन पकडलं जाईल असं गृहीत धरू नका. किट हातात आलं की माहीत असलेलं प्रथिन धुवणात घालून परत किती मिळतं बघा, ८० ते १२० टक्के मिळालं तर पुढे जा.

अडलं तर साताऱ्याच्या पुढे शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं. तिथल्या पशुप्रजनन विभागाशी आधी बोलून घ्या आणि मगच नमुने घेऊन निघा. कोल्हापूरपासून सुमारे १८० किलोमीटरचा रस्ता आहे, बर्फ दुप्पट घ्या.

अहवालात काय लिहायचं

प्रत्येक नमुन्याच्या ओळीत हे असावं: घोडीचं वय, जात, झालेली शिंगरं, शेवटचा घोडा कधी लावला, माजचक्राचा टप्पा आणि तो कशावरून ठरवला, प्रोजेस्टेरॉन, सोडलेलं आणि परत आलेलं सलाइन, आतला वेळ, रंग आणि रक्ताची पट्टी, न्युट्रोफिल, कल्चर, प्रथिनाची पद्धत आणि प्रमाण, धुवणातला आकडा, युरियाची पट, हिशेब करून आलेला आकडा. कोऱ्या नमुन्याचं वाचन स्वतंत्र ओळीत, वजा करून लपवलेलं नाही.

मालकाला हा तक्ता देऊ नका. त्याला एका पानावर सांगा की स्लाइडवर सूज दिसली की नाही, जंतू निघाला की नाही, आणि डॉक्टरांनी पुढच्या माजात काय करायचं ठरवलं. प्रथिनांबद्दल एकच ओळ पुरते, उदाहरणार्थ: 'रक्तातून झिरपणारी प्रथिनं याच घोडीच्या मागच्या नमुन्यापेक्षा कमी झाली आहेत, दोन्ही नमुने माजाच्या एकाच टप्प्यातले.' मागचा नमुना नसेल तर ती ओळ लिहू नका, आणि उपचारानंतरच्या माजात त्याच टप्प्याला परत येण्याची तारीख मोतद्दाराच्या फोनमध्ये टाकून द्या.